ज्याचे त्याचे चार अंश

सर सोसायटीचे सेक्रेटरी झाले ते केवळ सभेला गैरहजर राहिल्यामुळे. त्या संध्याकाळी त्यांची दाढ ठणकत होती, म्हणून ते गाल धरून घरी बसले. खाली 'सेक्रेटरी कोण होणार?' असा प्रश्न निघाला, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, सर काही दिसले नाहीत, आणि एकमताने त्यांचं नाव लिहून मंडळी मोकळी झाली. नव्वद घरांच्या त्या सोसायटीत एकमताने झालेली ही पहिली गोष्ट.

"अहो, तुम्ही सेक्रेटरी झालात," सभेहून वर येऊन बायकोने बातमी दिली. तिला सगळी सोसायटी काकू म्हणायची.

"मी? अगं, मी तर तिथे नव्हतोच!"

"म्हणूनच झालात."

सर भूमितीचे. उभा जन्म फळ्यावर वर्तुळं काढण्यात गेलेला. हाताला असं वळण पडलेलं की परकार न घेता नुसत्या खडूने काढलेलं वर्तुळसुद्धा जिथे सुरू झालं तिथेच येऊन मिटायचं, आणि मिटलं की सर क्षणभर मागे सरून त्याच्याकडे बघत राहायचे. मुलांना वाटायचं सर विसरले पुढचं. विसरायचे कसले, ते थक्क झालेले असायचे. रोज तेच वर्तुळ आणि रोज तेच थक्क होणं, असा हा माणूस.

आणि नशीब बघा, निवृत्तीनंतर राहायला आले ते नेमके एका वर्तुळाच्या काठावर. तीन इमारती, आणि त्यांच्या मधोमध दगडी काठ घातलेलं एक भलंमोठं गोल मैदान. बिल्डरने तिथे कारंजं देतो म्हणून सांगितलं होतं. कारंजं काही आलं नाही, गोल तेवढा राहिला. रोज सकाळी सर चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि त्या गोलाकडे डोळे भरून बघायचे. एवढं मोठं आणि एवढं बिनचूक वर्तुळ त्यांनी आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

भांडण होतं ते याच गोलावरून. तिथे काय करायचं यावर वर्षानुवर्षं सभा होत होत्या आणि दर सभेत नव्याने कुणीतरी कुणाशी तरी बोलणं टाकत होतं. शेवटी अध्यक्ष कंटाळले. अध्यक्षांकडे दोन गाड्या होत्या, आणि दोन गाड्यावाला माणूस मोकळ्या जागेकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने ते त्या गोलाकडे बघायचे. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: येत्या सभेत सर्वांचं एकमत झालं तर ठीक, नाही तर अध्यक्ष आपल्या अधिकारात सगळ्या गोलावर सिमेंट घालून पार्किंग करतील. ठेकेदारालाही सांगून ठेवलं आहे.

सरांनी नोटीस वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. माती गेली तर वाईट आहेच; पण त्या वर्तुळावर चौकोनी चौकोनी पट्टे मारून गाड्या उभ्या करणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. रात्री जेवतानाही डोक्यात तेच.

"आता सेक्रेटरी आहात ना? मग करा काहीतरी," काकू म्हणाल्या.

"काय करू? नव्वद घरं आहेत. मत घेतलं तर ज्यांची जास्त त्यांचं होणार, आणि उरलेले सगळे ओरडणार. म्हणजे एकमत नाही. म्हणजे सिमेंट."

"मग सगळ्यांना थोडं थोडं द्या."

काकू हे भाजी वाढताना म्हणतात तसं सहज म्हणाल्या. पण सरांचा हात ताटातच थांबला.

"थोडं थोडं! अगं, तीनशे साठ भागिले नव्वद किती?"

"मला काय विचारता? मी काय तुमच्या वर्गात आहे?"

"चार! बरोब्बर चार! बाकी शून्य!" सरांच्या अंगावर सरसरून काटा आला. "एका घराला चार अंश. बघ तरी, कसं पडलंय ते! घरं एकोणनव्वद असती, एक्याण्णव असती, तर सगळा सत्यानाश होता. हे आधीपासूनच ठरलेलं असणार."

"बिल्डरने ठरवलं असेल असं वाटत नाही हो," काकू म्हणाल्या. "आमटी निवतेय."

दुसऱ्या दिवसापासून सर दारोदार. वृत्तालेख काढायचा, पण कागदावर नाही, थेट जमिनीवर. ज्यांना जे हवं त्यांची घरं मोजायची, त्याला चाराने गुणायचं, तेवढ्या अंशांची पाकळी त्यांना द्यायची. कुणी हरणार नाही, कुणी जिंकणार नाही. नियम एकच, एक घर एक उत्तर.

पहिल्या मजल्यावरचे कर्नल कधी सैन्यात नव्हते, पोस्टात होते. पण चालणं असं ताठ की नाव तेच पडलेलं. ते म्हणाले, "चालायला जागा. बाकी काही बोलू नका. डॉक्टरांनी मला चाल म्हणून सांगितलंय, आणि मी जिन्यात चालतो!"

समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यांना टोमॅटो लावायचे होते. त्यांच्या वरच्या वहिनींना चादरी वाळवायच्या होत्या. वहिनींच्या घरी माणसं सात आणि गॅलरी एवढीशी, त्यामुळे त्यांच्याकडे कायम काहीतरी ओलं असायचं. वहिनींच्या यजमानांना मात्र गाडी लावायची होती.

"दोन अंश तिला लिहा, दोन मला," यजमान म्हणाले.

"घर फोडायला मी आलेलो नाही," सर म्हणाले. "आत जाऊन ठरवा."

यजमान आत गेले. थोड्या वेळाने वहिनी एकट्याच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चादरी."

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहायची. टेलिफोन कंपनीच्या तक्रार केंद्रात नोकरी. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचा संताप ऐकायचा आणि गोड आवाजात 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणायचं. तिने दार उघडलं, सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मला काही नको, सर. मला नुसतं गप्प बसायचंय."

"त्याचेही चार अंश मिळतील," सर म्हणाले, आणि मुलीचे डोळे चक्क भरून आले.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून सरांनी हिशेब मांडला. चालणारी घरं सत्तावीस, म्हणजे एकशे आठ अंश. मुलांना खेळायला जागा मागणारी पंचवीस, शंभर अंश. झाडं लावणारी पंधरा, साठ अंश. कपडेवाली बारा, अठ्ठेचाळीस. गाड्यावाली नऊ, छत्तीस. आणि गप्प बसणारं घर एक, चार अंश. सरांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला. तीनशे छप्पन्न. पुन्हा केली. वरून खाली केली, खालून वर केली. तीनशे छप्पन्नच.

"वर्तुळ मिटत नाहीये," सर म्हणाले. "चार अंश उघडे राहतायत. एक घर राहिलं कुठलं तरी. पण मी एकही दार सोडलं नाही गं!"

"एक सोडलंत," काकू शेंगा सोलत म्हणाल्या. "ज्या दारातून बाहेर पडलात, ते."

सरांनी जीभ चावली. "अरेच्चा! मग सांग, तुला काय पाहिजे? फुलझाडं लिहू?"

"तुम्ही कशाला लिहिता? एवढ्या सगळ्यांना विचार करायला वेळ दिलात, मलाही द्या. सांगेन मी."

सरांनी त्या चार अंशांवर 'राखीव' असं लिहिलं आणि वर्तुळ एकदाचं मिटवलं.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी ते मैदानात उतरले. शाळेने निरोपसमारंभात दिलेला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक, एक लांब दोरी, एक खुंटी आणि फक्कीची पिशवी. आधी काठावरून दोऱ्या ताणून त्यांनी केंद्रबिंदू शोधला. प्रत्येक दोरी ते दोनदा ताणून बघत होते, कारण मैदानावर मध्ये एका अंशाची चूक झाली तर काठाशी जाईपर्यंत हातभर फरक पडणार. खुंटी ठोकली. एकेक कोन मोजला, पुन्हा मोजला, दोरी ताणली, दोरीवरून फक्की सोडली. ऊन डोक्यावर आलं तरी माणूस वाकलेलाच.

शेवटची रेघ काठाला टेकली आणि सर पाठ सरळ करून वर बघतात तर काय, तिन्ही इमारतींच्या सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. आणि आवाज म्हणून नाही. ज्या सोसायटीत पाण्याचा पंप सुरू झाला तरी चार जण ओरडतात, तिथे माणसं कठड्याला धरून चूपचाप खाली बघत होती. काळ्या मातीवर पांढऱ्याशुभ्र रेघांचं एवढं मोठं वर्तुळ, आणि त्याच्या लहानमोठ्या पाकळ्या सगळ्या एका ठिकाणाहून निघालेल्या.

"आपण कुठे?" कुणीतरी कुजबुजलं.

"ते बघ, तिकडे. त्या मोठ्या पाकळीत. त्यातले चार आपले."

"फक्त चार?"

"फक्त काय? आपण काढले तर वर्तुळ मिटत नाही!"

अध्यक्षही गॅलरीत होते. विरोध करायचा हे त्यांनी आधीच पक्कं केलेलं, पण तोंडातून "वा!" निघून गेलं, आणि सगळ्यांनी ते ऐकलं. मग मोठेपणा घेणं भागच पडलं. "मंजूर!" ते वरूनच गरजले. "सभेत निर्णय होईपर्यंत हीच वाटणी. ज्याची पाकळी त्याची. त्याच्या परवानगीशिवाय दुसरा कुणी बोलायचा नाही!" टाळ्या पडल्या. सर घरी आले ते हवेत तरंगत. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तरंगणं सोमवारी सकाळी संपलं.

"सर!" कर्नल दारात उभे, कपाळावर घाम. "मी चालत चालत काठापर्यंत गेलो. काठाने वळलो. पुढे रेघ आली. आता?"

"आता मागे फिरायचं."

"मागे? सर, चालायचं म्हणजे गोल चालायचं. मैदान गोल आहे म्हणून तर आम्ही मागितलं!"

"पण तुम्हाला एकशे आठ अंश आहेत."

"एकशे आठ अंशांत माणूस गोल कसा फिरणार? घड्याळाच्या लंबकासारखे इकडून तिकडे जातोय आम्ही सत्तावीस जण! आणि आतल्या बाजूला गेलं की टोक निमुळतं होत जातं, तिथे सगळे एकमेकांच्या अंगावर. मघाशी एका गृहस्थांनी माझी चप्पल घालून चाल धरली!"

सरांनी डोक्याला हात लावला. वृत्तालेखात माणसं चालतात तेव्हा काय होतं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. शेवटी असं ठरलं की काठाकाठाने एका पावलाची वाट चालणाऱ्यांना सगळ्या पाकळ्यांतून द्यावी. म्हणजे कर्नल निघाले की आधी मुलांच्या शंभर अंशांतून चेंडू चुकवत, मग साठ अंशांत दंतवैद्यांच्या वाफ्यांवरून उड्या मारत, मग अठ्ठेचाळीस अंशांत वहिनींच्या ओल्या चादरींत शिरायचे. मंगळवारी ते चादरींत शिरले आणि पलीकडून बाहेर आले ते चादर घेऊनच. डोक्यावर पांढरी चादर, चाल तीच ताठ. तक्रार केंद्रातली मुलगी किंचाळली.

ती बिचारी आपल्या चार अंशांत बसली होती. तिची पाकळी म्हणजे काठाशी जेमतेम एक बाकडं मावेल एवढी, आणि पुढे निमुळती होत होत नाहीशी झालेली. संध्याकाळी कामावरून आली की तिथे स्टूल टाकून बसायची, डोळे मिटायची. पण अख्ख्या मैदानात रिकामं बसलेलं माणूस म्हणजे ती एकटीच! ज्याला ज्याची तक्रार, तो तिच्यापुढे येऊन उभा. दंतवैद्य आले, "चेंडूने माझी तीन रोपं मोडली." आया आल्या, "पोरांना टोमॅटोवाले रागावतात." ती डोळे न उघडता सवयीने म्हणायची, "आपली तक्रार नोंदवली आहे." बुधवारपर्यंत तिच्यापुढे रांग लागायला लागली.

त्यात वारा सुटला. फक्कीच ती, वाऱ्याने थोडी सरकली, चालणाऱ्यांच्या चपलांनी थोडी पसरली. आणि दंतवैद्य टेप घेऊन सरांच्या दारात आले.

"आमचा अर्धा अंश खाल्लाय कपडेवाल्यांनी."

"कशावरून म्हणता?"

"मोजला ना मी! मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला."

पाहता पाहता सोसायटीतल्या सगळ्या कंपासपेट्यांमधले कोनमापक गायब झाले. मुलं शाळेत तशीच जाऊ लागली, आणि त्यांचे आईबाप, काकामामा संध्याकाळी मैदानात गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, रेघा मोजायला लागले. "साडेसत्तेचाळीस!" "अहो, शून्य कुठे धरलाय तुम्ही?" "केंद्रावर ठेवा ना आधी, केंद्रावर!" सर गॅलरीतून हे बघत होते. त्यांच्या मैदानाचा, त्यांच्या योजनेचा आणि त्यांच्या सेक्रेटरीपणाचा बोजवारा उडत होता, हे कळत होतं त्यांना. पण छातीत काहीतरी भरून येत होतं, ते निराळंच. उभ्या नोकरीत त्यांना असा वर्ग मिळाला नव्हता. चाळीस-पन्नास मोठी माणसं, न सांगता, न मारता, केंद्रीय कोन मोजतायत आणि चुकीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातायत!

"हसताय काय?" काकूंनी मागून विचारलं. "सभा रविवारी आहे. एकमताचं नाव नाही."

सरांचं हसू मावळलं.

शेवटचा घाव गाड्यांनी घातला. छत्तीस अंशांच्या पाकळीत नऊ गाड्या लावायच्या, तर आधी आत जाणाराने टोकाकडे जायचं. अध्यक्ष म्हणून पहिला मान अध्यक्षांचा. त्यांनी आपली नवी गाडी सगळ्यात आत नेऊन लावली. मागून आठ गाड्या आल्या, गच्च बसल्या. शुक्रवारी सकाळी अध्यक्षांना लग्नाला जायचं होतं, तर मागच्या गाडीचा मालक गावाला, किल्ली त्याच्या खिशात, आणि अध्यक्षांची दुसरी गाडी दुरुस्तीला गेलेली. अध्यक्ष नव्या कपड्यांत आपल्या गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली, आणि सपत्निक बसने गेले. बस भरलेली होती. परत आले ते थेट फोनकडे गेले.

रविवारी सभा मैदानातच भरली. अध्यक्षांच्या शेजारी ठेकेदार उभा, हातात हातोडा आणि लोखंडी खुंटी. फाटकाबाहेर खडीचा ट्रक.

"एकच विचारतो," अध्यक्ष म्हणाले. "या वाटणीवर सगळे खूश आहेत?"

असा गदारोळ उठला की कबुतरं उडाली. "आमचा अर्धा अंश!" "माझी चादर!" "माझे टोमॅटो!" "माझी चप्पल!"

"म्हणजे एकमत नाही," अध्यक्षांनी हात झटकले. "संपलं. सिमेंट. करा सुरू हो."

गोंगाट एकदम थांबला. सिमेंट कुणालाच नको होतं. गाड्यावाल्यांपैकीसुद्धा आठ जण गप्प झाले, कारण आत अडकणं काय असतं ते आता त्यांना कळलं होतं. पण नको म्हणायला एकत्र कसं यायचं, ते त्या सोसायटीला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. ठेकेदार मोठमोठी पावलं टाकत मधोमध निघाला. सर दोन पावलं पुढे झाले. त्यांनी ठोकलेली खुंटी आता उपटली जाणार, आणि एकदा सिमेंट पडलं की या वर्तुळाला मध्यच राहणार नाही. त्यांचे डोळे पाण्याने भरले. त्यांना माणसं दिसेनात, नुसत्या पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या.

आणि त्या रेघांवरून कुणीतरी खुर्ची घेऊन चालत आलं. काकू होत्या. ठेकेदाराच्या आधी दोन पावलं त्या मधोमध पोचल्या, बरोबर सरांच्या खुंटीवर खुर्ची ठेवली, पदर सावरला आणि बसल्या.

"बाई, जरा उठता का?" ठेकेदार म्हणाला. "इथनंच सुरू करायचंय."

"मला माझे चार अंश घ्यायचे राहिले होते," काकू म्हणाल्या. "मी इथे घेतले."

अध्यक्ष तरातरा आले. "काकू, हे काय भलतंच! चार अंश असे मधोमध घेता येत नाहीत. सर, सांगा यांना!"

सरांनी डोळे पुसले. समोर प्रत्यक्ष बायको असली तरी चुकीचं उत्तर त्यांना देता येत नव्हतं. "नाही घेता येत," ते म्हणाले. "तो केंद्रबिंदू आहे. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. तिथे जागाच नाही."

"जागाच नाही ना?" काकू म्हणाल्या. "मग मी कुणाचं काही घेतलेलं नाही."

अध्यक्षांनी वाकून खुर्चीकडे बघितलं. मग त्यांना सुचलं, "पण खुर्चीला पाय आहेत! पायांना जागा लागते!"

"लागते की. बघा कुणाकुणाच्या पाकळीत आलेत."

सगळे पुढे सरकले, वाकून बघायला लागले. एक पाय कर्नलांच्या पाकळीत होता, एक मुलांच्या, एक दंतवैद्यांच्या, आणि चौथा कपड्यांच्या व गाड्यांच्या रेघेवर.

"तुम्हीच वरून ओरडला होतात," काकू अध्यक्षांना शांतपणे म्हणाल्या. "निर्णय होईपर्यंत ज्याची पाकळी त्याची, दुसऱ्याने बोलायचं नाही. ज्यांच्या पाकळीत माझा पाय आलाय त्यांनी सगळ्यांनी मिळून सांगावं की काकू, उठा. मी लगेच उठते. मला काय, घरी भाजी टाकायचीय."

"कर्नल, सांगा!" अध्यक्ष म्हणाले.

"मी?" कर्नल ताठ झाले. "मी एकटा कसा सांगू? सत्तावीस घरांची पाकळी आहे. विचारावं लागेल. आणि आधी आम्हीच का? कपडेवाल्यांनी सांगू दे."

"आम्ही नाही हो वाईटपणा घेणार," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात तर अर्धाच पाय आहे. दंतवैद्यांच्यात अख्खा आहे."

"अख्खा? मोजला का?" दंतवैद्यांनी खिशातून कोनमापक काढला.

"अहो, शून्य केंद्रावर धरा!"

"केंद्रावर काकू बसल्यात!"

झालं! चाळीस कोनमापक बाहेर आले. जो तो वाकला, जो तो मोजायला लागला, आणि दोघांचं उत्तर म्हणून जुळेना. ठेकेदार बराच वेळ हातोडा या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मग त्याने अध्यक्षांच्या कानाशी विचारलं, "साहेब, तुमच्याही पाकळीचं टोक इथेच येतंय. तुमचे नऊ जण तरी एकमताने सांगतील का?"

अध्यक्षांनी मागे वळून बघितलं. आठ गाड्यावाले आपापल्या चपलांकडे बघत होते. वरच्या गॅलरीतून अध्यक्षांच्या बायकोचा आवाज आला, "काकूंना उठवलंत तर याद राखा! परवा बसमधून उभ्याने आलेय मी!"

"तुमचं ठरलं की फोन करा," ठेकेदार म्हणाला, आणि ट्रक घेऊन गेला.

ते अजून ठरायचंय. काकूंना उठवायचं की नाही यावर त्या सभेत निर्णय झाला नाही, पुढच्या सभेत झाला नाही, आणि या सोसायटीचा एकूण वकूब बघता होईल अशी भीती नाही. निर्णय होत नाही तोवर वाटणी कायम, आणि वाटणी कायम तोवर माती मातीच्या जागी. रेघा हळूहळू पुसट झाल्या. मुलं कुठेही खेळतात, कर्नल सगळीकडून चालतात, आणि टोमॅटो आले तेव्हा कोणाच्या अंशांत आले हे दंतवैद्यांनाही सांगता आलं नाही. काकू मात्र रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन मधोमध जाऊन बसतात, कारण एक दिवस जरी खाडा झाला तर अध्यक्षांचा भरवसा नाही.

एका संध्याकाळी सरही खुर्ची घेऊन खाली उतरले आणि काकूंच्या शेजारी टेकवायला लागले.

"इथे नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"केंद्रबिंदू एकच असतो ना? मग दुसरी खुर्ची आली की कुणाच्या तरी पाकळीत गेली. मग ते म्हणतील उठा. त्यापेक्षा तुम्ही काठावर बसा."

 सर खुर्ची उचलून काठाशी गेले, दगडाला टेकवून बसले आणि त्यांनी समोर बघितलं. ऊन तिरपं झालं होतं. मधोमध ती बसली होती, आणि जे काय पुसट पांढरं उरलं होतं ते सगळं तिच्यापासून निघालं होतं. ही बाई रोज समोर वावरत होती आणि आपण वर्तुळं फळ्यावर शोधत होतो, असं त्यांना वाटलं, आणि अंगावर आला तो काटा पूर्वीच्या सगळ्या काट्यांहून मोठा होता. थोड्या वेळाने ते उठले. खुर्ची उचलली, काठाकाठाने बरीच पुढे नेली, बसले, बघितलं. पुन्हा उठले. आणखी पुढे गेले.

"आता काय?" काकूंनी मध्यावरूनच ओरडून विचारलं. "एका जागी बसवत नाही का?"

"अंतर बघतोय," सर म्हणाले.

"कुणाचं?"

"तुझं. कुठूनही बसलं तरी तेवढंच आहे गं."